नॉट फिट

दोस्तहो, आधी हा मेसेज वाचा. मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनवर आला. मूळ इंग्रजीत, मी आपल्या बोलीत उतरवतो. बिस्किटाची जाहिरात. पुरुष. वय पंचवीस ते तीस. रंग गोरा. दिसायला अपमार्केट. दात सरळ, हात स्वच्छ. डाउनमार्केट चेहऱ्यांनी कृपया येऊ नये.

त्यातला 'कृपया' बघा. आमच्या आज्याला गावच्या विहिरीवर कुणी कृपया म्हणलं नव्हतं. तेवढी सुधारणा आहे.

मी गेलो. येऊ नका म्हणलं की जायचं, ही सवय आपल्याला 1927 च्या महाडपासून लागलीय असं लिहिलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवशी डोक्यात महाड नव्हतं. डोक्यात पैसे होते. एका दिवसाच्या शूटिंगचे जेवढे सांगितले होते तेवढे मिळवायला मला महिनाभर रात्रपाळी मारावी लागते.

मी भिवंडीच्या बाजूला एका कापड गिरणीत साच्यावर आहे. रात्री आठ ते सकाळी आठ. मीटरवर पैसे. पाळी सुटली की नळावर अंग धुवायचं, भुवयांत बसलेला कापूस ओल्या फडक्यानं काढायचा, पिशवीत तीन शर्ट घालायचे. एक पांढरा, ऑफिसवाला. एक चौकड्याचा, घरातला. एक कुर्ता, सणावाराचा. ठाण्यापर्यंत बस, घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोनं वर्सोवा, आणि पुढं पायी आरामनगर. नाव आरामनगर, पण आराम कुणालाच नाही. जुन्या बैठ्या घरांची वसाहत. दारादारात ऑडिशन. तुम्ही टीव्हीवर जो हसरा बाप, जी टुथपेस्टवाली सून बघता त्यातली कितीतरी माणसं आधी या गल्ल्यांत उन्हात उभी राहिलेली असतात.

दारात एक पोरगं असतं. माझ्याच वयाचं, हातात कागद. ते वर बघतं, खाली बघतं आणि म्हणतं, "भाई, नॉट फिट." एवढंच. आमच्या फोल्डिंग खात्यात तागा तपासतात तेव्हासुद्धा उलगडून बघतात, उजेडाला धरतात, दोरा कुठं तुटलाय ते बोट ठेवून दाखवतात. इथं माणसाचा तागा न उलगडताच रद्दीत.

कधी कधी आत घेतात. मग कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची, फोन नंबर. डावीकडं वळ, उजवीकडं वळ. हात दाखव, पंजे सरळ, पंजे उलटे. हातात बिस्किट धरायचं असतं ना. माझ्या उजव्या तर्जनीला दोऱ्यानं पडलेली चीर आहे, ती भरतच नाही, कारण रोज रात्री तोच दोरा तिथूनच जातो. कॅमेरावाला हाताकडं बघतो, मग शेजारच्याकडं बघतो.

आणि नाव. मी नुसतं पहिलं नाव सांगितलं की विचारतात, "आगे?" गावात "पुढं?" म्हणतात, इथं "आगे?" म्हणतात. पुढचं नाव सांगितलं की कुणी काही बोलत नाही. शिव्या नाहीत, तोंड वाकडं करणं नाही. फक्त "थँक यू, बता देंगे." रांगेतला एक लातूरकडचा पोरगा मला म्हणाला, आडनाव टाकून दे, वडिलांचं नाव लाव, मी तेच केलंय. मी त्याला नावं ठेवणार नाही. तीन महिन्यांचं खोलीभाडं थकलेल्या माणसाला स्वाभिमानावर भाषण देणारा मी कोण?

आता या धंद्याचा हिशेब ऐका, कारण आपण सगळे अन्यायावर बोलतो आणि हिशेबावर कुणी बोलत नाही. ऑडिशनचे पैसे नाहीत. भाड्याचे नाहीत. चार-चार तास उभं राहायचं, पाण्याची बाटली आपली आपण आणायची. तुमचं काम आवडलं तर परत बोलावतात, परत फुकट. तारीख अडवून ठेवा म्हणतात, आदल्या रात्री कळतं दुसऱ्याला घेतलं. त्या रात्रीची पाळी मी सोडलेली असते, तिचे पैसे गेले. काम मिळालंच तर पैसे नव्वद दिवसांनी. त्यातले वीस टक्के मेसेज पाठवणाऱ्या कोऑर्डिनेटरचे. वर अट अशी, की एका चहाची जाहिरात केली तर वर्ष-दोन वर्षं दुसऱ्या चहाची करायची नाही. चेहरा त्यांच्याकडं गहाण. आणि रांगेत उभं राहिलेल्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही, म्हणून तो कामगार नाही. मग तो कोण? स्ट्रगलर! मजुराला मजुरी न देता राबवायचं असलं की त्याला असा इंग्रजी शब्द चिकटवायचा.

पण हे सगळ्या रांगेचं दुखणं झालं. त्या रांगेत बामणाचं पोरगंही उभं असतं आणि त्यालाही नव्वद दिवसांनीच पैसे मिळतात. आपलं दुखणं आणखी एक पायरी खाली आहे.

माझा पणजा मुंबईत गिरणीत होता, रिंग खात्यात. आपले बहुतेक लोक तिथंच असायचे. साचे खात्यात पैसे जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. आज ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला उद्या आपलं तोंड कसं लावायचं, असं बाकीचे कामगार म्हणायचे. कामगार! लाल बावट्याखाली एक असलेले. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांत घालायला लावला. मालक काय म्हणाले? हा अन्याय असला तरी त्याला आम्ही जबाबदार नाही.

हे उत्तर मला आरामनगरात रोज ऐकू येतं. दारावरचं पोरगं म्हणतं, मला वरून सांगितलंय. वरचा म्हणतो, क्लायंटला असाच चेहरा पाहिजे. क्लायंट म्हणत असेल, बाजाराला पाहिजे. बाजार म्हणजे कोण, तर लोक. म्हणजे शेवटी कुणीच जबाबदार नाही, आणि आमचं तोंड मात्र धोट्याला लागायचं नाही. नीट बघा, कुठं लागायचं नाही ते. बिस्किट, पीठ, दूध, मसाला, पाणी. जे तोंडात जातं ते आमच्या हातात दिसायला नको. फिनेलची बाटली चालेल. फावडं चालेल. याला ते लुक म्हणतात. मी जुनाच शब्द वापरतो, विटाळ.

कुणी म्हणेल, रंगाचा प्रश्न आहे, जातीचा नाही, सवर्णातही काळे असतात. असतात की! पण ते रांगेत उभे राहिले तर त्यांना 'डस्की' म्हणतात, आम्हाला 'डाउनमार्केट'. आणि खराखुरा काळा चेहरा लागला तरी आमच्याकडं यायची गरज पडत नाही. 2019 च्या 'बाला' सिनेमात काळ्या मुलीच्या कामासाठी गोऱ्या नटीला रंग फासला होता. काळेपणही आमच्याकडून घेत नाहीत हे लोक, डबीतून घेतात. 1975 ला बाजारात आलेल्या गोरेपणाच्या क्रीमनं 2020 मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकला. पेपरात केवढं कौतुक झालं. डबीवरचा शब्द गेला, माझ्या फोनमधल्या मेसेजातला गेला नाही. जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या परिषदेचा 2014 पासून नियम आहे की काळ्या रंगाला कमी लेखून दाखवू नये. काय दाखवावं याला नियम. कुणाला उभं करावं याला नाही.

आता 2023 ची गोष्ट. जूनमध्ये पर्यावरण दिनाला झोमॅटो कंपनीनं एक जाहिरात काढली. 2001 च्या 'लगान'मधला कचरा आठवतो? गावातला अस्पृश्य, वाकड्या हाताचा गोलंदाज. तेच काम केलेल्या नटाला घेऊन त्याला दिवा केलं, कागद केलं, झारी केलं. कचऱ्यापासून नव्या वस्तू बनवा म्हणे! पडद्यावर जे पात्र माणूस म्हणून खेळायला उतरलं होतं त्याची वस्तू केली. आरडाओरडा झाला, कंपनीनं जाहिरात मागं घेतली, आमचा तसा हेतू नव्हता म्हणाली, अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली. मी हेतूवर विश्वास ठेवायला तयार आहे, आणि म्हणूनच जास्त भ्यालो. एक जाहिरात किती टेबलांवरून जाते! लिहिणारा, काढणारा, पैसे देणारा, कापणारा, पास करणारा. एवढ्या टेबलांवर एकालाही खटकलं नाही. त्या टेबलांवर आपलं कुणी असतं तर पहिल्या टेबलावरच कागद फाटला असता.

आणि तरी त्या नटावर मी बोट उचलणार नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी मी पण केली. फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात, फक्त मोबाइलवर चालणारी. दारावरचं पोरगं पहिल्यांदाच मला बघून खूश झालं. "एकदम फिट!" दीड मिनिटाचं काम. सोसायटीचा सफाईवाला घाणीची टोपली घेऊन येतो, दार उघडं असतं, आतली चकचकीत फरशी बघतो, तोंड वासतो आणि चप्पल काढून दाराबाहेरच उभा राहतो. बाई हसते. मी विचारलं, आत का नाही जायचं? दिग्दर्शक म्हणाला, अरे, फर्श इतना साफ है कि उसका मन नहीं करता. असं बारा वेळा केलं. बाराव्या वेळी त्यांना पाहिजे तसं तोंड वासलं गेलं.

माझ्या चुलतीनं ती जाहिरात पाहिली. चुलती कंत्राटी सफाई कामगार. फोन हातात धरून दोनदा पाहिली आणि म्हणाली, "झाडू असा धरतेत व्हय रं? आन् हातमोजं कुठंयत?" आई काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली. पैसे मात्र आईलाच दिले, चार महिन्यांनी आले तेव्हा. घराचं पत्र बदललं. पावसात आता गळत नाही. हे दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एकही लपवायचं नाही.

आपल्या मंडळाच्या बैठकीत यावरून माझी कानउघाडणी झाली. मित्र म्हणाले, जाहिरात म्हणजे भांडवलदाराचा भोंगा, त्यात आपला चेहरा असला काय, नसला काय. बिस्किट विकायला कशाला जातोस? चळवळीचं काम कर. बोलणारे तिघंही पगारी नोकरीत आहेत, हे मी तिथं बोललो नाही, इथं लिहितो.

दोस्तहो, गिरणीही भांडवलदाराचीच होती. साचे खात्यातून निघणारं कापड काय बुद्धवंदनेला जात होतं? तरी बाबासाहेब म्हणाले नाहीत, की जाऊ द्या, रिंग खात्यातच बरे आहात. तिथं पगार जास्त आहे आणि तिथं जायला माणसाला जात आडवी येते, एवढं कारण त्यांना पुरलं. 1938 ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दोन! एकाशी लढतो म्हणून दुसऱ्याला सोडा असं सांगितलं नाही. त्याच परिषदेत त्यांनी हेही मांडलं की आपल्या माणसाला स्टेशनावर पोर्टरचं काम मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि अस्पृश्य घरात कसा घ्यायचा. पोर्टरच्या नोकरीत काय क्रांती होती? पण बाबासाहेबांना उंबरठा दिसला. मला त्या जाहिरातीतला उंबरठा दिसतो, ज्याच्याबाहेर मी बारा वेळा चप्पल काढली.

म्हणून मी जाणार. बिस्किटाच्या रांगेत जाणार, फिनेलच्या नाही. फिनेलची परत करणार नाही अशी शपथ मात्र घेत नाही. आईचं औषध, पत्र्याचं कर्ज, कुठली रात्र कशी येईल सांगता येत नाही. शपथा पोट भरलेल्यांनी घ्याव्यात.

तुमच्याकडून एक काम पाहिजे. तुमच्यात, तुमच्या वस्तीत, कॉलेजात अशी पोरं-पोरी आहेत जी गुपचूप आरामनगरला जातात, ओशिवऱ्याला जातात. लाजेनं सांगत नाहीत. त्यांना विचारा. त्यांच्या फोनमध्ये असले मेसेज आले असतील, ते पुसू देऊ नका, तारीख-वेळेसकट राहू द्या. गोरा पाहिजे, घरंदाज पाहिजे, अमुक समाजाचा दिसणारा पाहिजे, सगळं. माझ्याकडं एकोणीस जमलेत. एकात 'ब्राह्मण लुक' असं सरळ लिहिलंय. पन्नास झाले की पुढच्या अंकात जसेच्या तसे छापायचे, पाठवणाऱ्या पोरांची नावं गाळून, असं संपादकांशी ठरलंय. स्टेन्सिल मी कापणार आहे. रविवारी दुपारी विहारात असतो, फोन घेऊन या.