ओढणारा पतंग वाळूवरच बरा

स्वस्तातला पॉवर काइट घ्यावा का, असं दापोलीकडे सुट्टीला येणारे ओळखीचे लोक मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, पण वाळूवर उडवायला घ्या. खोक्यावर लाटेच्या वर दहा फूट उडालेला तरुण छापलेला असतो. खोक्यातल्या पतंगाने तसं काही होत नाही, आणि झालंच तर ते तुम्हाला नको असतं.

मी मूळचा येवल्याचा. बँकेच्या बदलीने दापोलीत आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं येवलं गच्चीवर असतं. पतंगातलं आपल्याला कुणी काही शिकवू नये, हा गावाचा जुना बाणा आहे. त्यामुळे भाच्याने हा पतंग मागवला तेव्हा मी त्याला हसलोच. ना ठड्डा, ना कमान. दप्तरात कोंबता येईल असं कापड, आणि त्याचे जकातीसकट अठरा-वीस हजार! पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर पळण्याच्या खेळाचा नवा कोरा संच मात्र दीड-दोन लाखांच्या पुढे जातो. त्या मानाने हे स्वस्तच म्हणायचं.

तीन चौरस मीटरचं नायलॉन. पुढच्या कडेला ओळीने उघड्या तोंडाचे कप्पे. वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि कापडाला पंखाचा आकार येतो. काडीविना उभा राहणारा हा पंख अमेरिकेत डोमिना जॅल्बर्ट यांनी 1960च्या दशकात सिद्ध केला. आजची चौकोनी पॅराशूटं त्याच घराण्यातली. खाली वीस-वीस मीटरच्या तीन दोऱ्या, हातात दीड फुटाची दांडी आणि मनगटाला पट्टा. डावी-उजवी दोरी वळवण्यासाठी असते. तिसरी मनगटाच्या पट्ट्याला बांधलेली. दांडी सोडली की पतंग त्या एकाच दोरीवर लोंबतो आणि त्यातला जोर निघून जातो. विकत घेताना रंग पाहू नका, ही तिसरी दोरी पाहा. दोनच दोऱ्या आणि मनगटात अडकवायचे फास असलेले पतंग आणखी स्वस्त मिळतात. पण घाबरलेला माणूस सगळ्यात आधी हातातलं सोडून देतो. ते सुटलं पाहिजे.

येवल्याचा हात इथे फारसा कामाला येत नाही. आमचा पतंग ढिलीवर फिरतो आणि खेचला की सरळ जातो, म्हणून ढील कधी द्यायची यातच सगळी करामत. इथे ढील दिली की कप्प्यांतली हवा जाते, कापड मिटतं आणि धप्पकन खाली येतं. दोऱ्या सदा ताणलेल्या हव्यात. उजवीकडे न्यायचा तर दांडीची उजवी बाजू ओढायची, एवढंच. काम बोटांचं नाही, कोपरांचं. भाच्याच्या बायकोने जन्मात कधी पतंग बदवला नव्हता. ती थोड्याच वेळात आकाशात आठाचे आकडे काढू लागली. माझी बोटं आपली ढील शोधत होती.

हा पतंग डोक्यावर उभा असतो तोवर गरीब गाय. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि तो समोर, जमिनीपासून थोडा वर, डावीकडून उजवीकडे पळवा. मग कळतं. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 10 किलोमीटरचा वारा 20 झाला की ओढ चौपट. त्यात पतंग स्वतः धावत असतो, म्हणजे त्याला लागणारा वारा आपल्या पाठीला लागतो त्याच्या कितीतरी पट. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात नुसता धरून ठेवलेला असा पतंग, कागदावर हिशेब केला, तर पाच-सहा किलोने ओढतो. तोच समोरून सपकन गेला की सत्तर किलोच्या भाच्याच्या टाचा वाळूत रुततात आणि पुढे घसरू लागतात. ओल्या वाळूत दोन चर पडतात, पाच-सात पावलांवर ते एकदम खोल होतात आणि तिथे बसल्याचा मोठा ठसा असतो. त्या चरांमध्ये पाणी भरताना पाहिलं, की 1903 साली सॅम्युएल कोडीने पतंगाने ओढलेल्या होडीतून कॅलेहून डोव्हर गाठलं याचं नवल राहत नाही.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, त्याचा उपयोग साठीत झाला. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात दुपारनंतर वायव्येकडून, समुद्रावरून वारा येतो. पहाटे-सकाळी तो जमिनीवरून समुद्राकडे जातो. सकाळच्या त्या वाऱ्यात हा पतंग घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे स्वतःला आत पाठवून देणं. दुपारचा वारा पतंगाला सुरूच्या बनाकडे नेतो, म्हणून पाण्याच्या रेषेपाशी उभं राहायचं आणि समोर शंभरेक मीटर मोकळी पुळण ठेवायची. एवढी पुळण ओहोटीलाच मिळते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुपारी भरती असते आणि पाच-साडेपाचच्या सुमारास पाणी पार मागे जातं. वाराही तेव्हाच भरलेला असतो. अष्टमीच्या भांगाला गणित उलटं. संध्याकाळी पाणी वर आणि उभं राहायला जागा नाही. कर्द्याची पुळण सपाट आणि घट्ट आहे, म्हणून आम्ही तिकडे जातो. मेच्या अखेरीस एकदा होडीची डागडुजी करत बसलेले एक खारवी काका म्हणाले, "साहेब, ढग बघा. गुंडाळा आता." गुंडाळून दोऱ्या पिशवीत जातात न जातात तोच वाऱ्याने दिशा बदलली.

आता पाणी. अंगात लाइफ जॅकेट, कंबरभर पाणी, वारा समुद्रावरून आणि काठावर लक्ष ठेवायला एक माणूस, अशा तयारीने भाचा उतरला. पहिली काही मिनिटं मजेची. माणूस पालथा, पतंग एका अंगाला, आणि पाणी कापत काठाकडे ओढलं जाणं. मग पतंग पडतो. नवशिक्याचा पडतोच. उघड्या कप्प्यांत पाणी शिरतं. लगेच तिसरी दोरी ओढली तर तो उलटा होऊन, पाणी सांडत, पुन्हा उठतो. वरून एक लाट फुटली की मात्र संपलं. ते जड झालेलं कापड काठावर ओढून आणावं लागतं, आणि ओढताना सैल झालेल्या दोऱ्या पाण्याखाली पायांभोवती फिरत असतात. खरी भीती त्या दोऱ्यांची आहे. वाऱ्याची नाही.

पाण्यासाठी पतंग वेगळा असतो. फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंनी 1984 साली हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पडला तरी तरंगतो आणि पाण्यावरून पुन्हा उठतो. शिवाय मोठ्या माणसाला फळीवर उभं करायला अशा वाऱ्यात नऊ ते बारा चौरस मीटरचा पतंग लागतो. तीन मीटरचा नाही. 'जमीन आणि पाणी, दोन्हींसाठी' हे खोक्यावरचं वाक्य कंबरेपर्यंतच्या पाण्यात खरं आहे, पुढे नाही. आणि भिजवलाच तर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. टोकाशी चिकटपट्टीची एक फट असते, ती उघडून झटकलं की ओंजळभर वाळू निघते. ती आत राहिली तर पुढच्या वेळी पतंग कन्नी खातो.

म्हणून हे खेळणं वाईट ठरत नाही. वाऱ्याचा अंदाज, दांडीवरचा हात आणि सोडून देण्याची सवय वाळूवर फुकटात येते, आणि पुढे पाण्यावर जाणाऱ्याला तीच लागते. पतंगावरची शर्यत 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली, मार्सेच्या समुद्रात. गोव्यात मोरजी-अश्वे भागात हा खेळ शिकवणाऱ्या शाळा आहेत. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा आहे. तिथे घोडागाडी, उंटगाडी, वाळूवरच्या मोटारी, पाण्यावरच्या स्कूटर सगळ्यांना जागा आहे. वीस मीटर दोऱ्यांना नाही. एका कार्यालयात विचारायला गेलो तर 'पतंगाला कसली परवानगी?' असं हसून सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात पुळणीवर एका शिपायाने परवानगी दाखवा म्हणून अडवलं. दोन्ही बाजूंची पंचाईत मला कळते. 2024 अखेरपर्यंत लागू असलेल्या आपल्या 1934च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगही विमानातच मोडायचा. तिथे त्या बिचाऱ्या शिपायाने काय करावं?

पण अडवणाऱ्याचा मुद्दा पोकळ नाही. या दोऱ्यांना काच नसते, तरी ताणलेली दोरी घोड्यावरच्या पोराच्या गळ्याशी आली तर ती मांजाच. राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली ती अशाच गळ्यांसाठी आणि पाखरांसाठी. म्हणून गर्दीत हा पतंग उडवणाऱ्याला मीही थांबवतो, आणि त्याबद्दल शिव्याही खातो.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. पुळणीच्या एका टोकाला दोनशे-तीनशे मीटरचा पट्टा दोन लाल निशाणं लावून राखा. ओहोटीचे तीन तास पुरेत. तेवढा वेळ तिथे मोटार, घोडा, उंट काही नको. आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यावर घरट्यांच्या दिवसांत हा पट्टाही नको. विक्रेत्यांनी वाऱ्याची मर्यादा मराठीत छापून खोक्यात घालावी. आणि ज्यांना विकत घ्यायचाच आहे त्यांनी तीन चौरस मीटरच्या वर जाऊ नये, डोक्याला हेल्मेट घालावं, दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती एकट्याने दांडी देऊ नये आणि निघण्याआधी पंचांगात तिथी पाहावी.