मीटिंग कोठे भरते, एवढे तरी शासनाने सांगावे

माननीय प्रधान सचिव,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई यांस,

जालना जिल्ह्यातील एका कार्यालयात दिलेल्या आमच्या अर्जाची पोच आमच्या दप्तरी आहे, पाठोपाठ धाडलेल्या स्मरणपत्रांच्याही पोचा आहेत. उत्तर मात्र नाही, म्हणून ही कैफियत आता जाहीरपणे मांडणे भाग पडले. मागणी आजही तीच आहे. मद्यासक्तीतून सुटू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा जिल्ह्यात कोठे, कोणत्या वारी आणि किती वाजता भरतात, याचा फलक प्रत्येक शासकीय रुग्णालयात व एसटी स्थानकात लागावा; आणि ज्या तालुक्याच्या गावी अशी मीटिंग भरत नसेल, तेथे आठवड्यातून एक सायंकाळ एखादी शासकीय खोली उघडून देण्याची तजवीज व्हावी.

ही मागणी क्षुल्लक वाटत असेल, तर केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करवून घेतलेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण कृपया पुन्हा उघडावे. १० ते ७५ वयोगटातील २.७ टक्के, म्हणजे सुमारे २.९ कोटी भारतीय मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत, आणि अशा ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९,५९,०४६ होती. राष्ट्रीय प्रमाण एका जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येत नाही हे मान्य करून आणि त्याच वयोगटापुरते ते निम्म्यावर आणूनही आठ तालुक्यांत मिळून वीस हजारांच्या आसपास माणसे भरतात. त्यांतील जेमतेम सव्वापाचशेंना मदत मिळत असेल, तर उरलेल्या साडेएकोणीस हजारांच्या घरी चूल कशी पेटते, मुले शाळेत कोणत्या मनाने बसतात आणि रात्री दार वाजले की बायकोच्या काळजाचे काय होते, याचा हिशेब कोणत्या खात्याने ठेवावयाचा?

जो माणूस स्वतः होऊन ‘आता पुरे’ म्हणतो, त्याचीच आपल्या व्यवस्थेत सर्वाधिक उपेक्षा होते, हे मला संतापाने लिहावे लागत आहे. परमिट रूम कोठे आहे हे त्याला विचारावे लागत नाही. मीटिंग कोठे आहे हे मात्र कानोकानी कळते, तेही कळले तर. मंठ्याच्या शेतमजुराने साठेक किलोमीटर येऊन जालन्यात पोहोचावे, तेथे मीटिंगचा वार बदलल्याचे समजावे, आणि परतीची शेवटची एसटी गेलेली असल्याने रात्र स्थानकावर, गुत्त्याच्या हाकेच्या अंतरावर काढावी, ही त्याची परीक्षा आपण का घेता? त्या रात्री त्याची स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्याला ओठी लागला, तर ‘याच्यात इच्छाशक्तीच नव्हती’ असा शेरा मारावयास सारा गाव तत्पर असतो.

औषधाने अंगाची थरथर थांबते. तेवढ्यासाठी डॉक्टर हवाच, कारण वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो, आणि म्हणूनच फलकाची पहिली जागा रुग्णालय ही आहे. परंतु उपचार संपवून माणूस परततो तो त्याच पारावर, त्याच सोबत्यांत, पोळ्याला आणि लग्नसराईत त्याच आग्रहात. तेथे त्याला सावरतो तो त्याच वाटेने गेलेला दुसरा माणूस. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा (ए.ए.) उगम झाला, तो याच अनुभवावर. नवऱ्याच्या दारूने खचलेल्या स्त्रियांसाठी अल्-अ‍ॅनॉनचे गट असतात; घनसावंगीच्या वा भोकरदनच्या एखाद्या माउलीला त्यांचे नाव तरी कोणी सांगितले आहे काय?

निधीची सबब येथे चालणार नाही. ए.ए.चे गट बाहेरची देणगी परंपरेनेच नाकारतात, सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतात आणि खोलीचे भाडेही देऊ पाहतात. जागा देण्याला पूर्वाधार नाही असेही म्हणता येणार नाही: डॉ. अनिता व अनिल अवचट यांचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले ते येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारातच, आणि तेथून बरी होऊन गेलेली माणसे आज महाराष्ट्रभर इतरांचा हात धरीत आहेत. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्याचा आदेश संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये आहे. १४४४६ हा मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. एवढे सारे असताना, परतूरच्या माणसाला आज सायंकाळी जाऊन बसता येईल अशा खोलीचा पत्ता कोणत्याही सरकारी भिंतीवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

दर वर्षी २ ते ८ ऑक्टोबर या व्यसनमुक्ती सप्ताहात मिरवणुका निघतात, शपथा होतात. या वर्षीच्या २ ऑक्टोबरपूर्वी आठही तालुक्यांतील फलकांचा लेखी हुकूम निघावा, वेळापत्रक दर तीन महिन्यांनी तपासण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी, आणि खोलीची वेळ शेवटच्या एसटीच्या आधीची ठरवावी. फलक रंगविण्यास आणि खोली झाडण्यास माणसे आम्ही देऊ. हुकुमाची प्रत परतूरला पाठवावी.

आपला,
व्यसनमुक्त मित्रांचा एक सोबती,
परतूर, जि. जालना