दहा वर्षांच्या मुलाचं बँक खातं: नियम जुना, धोका नवा

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी अल्पवयीन मुलांच्या खात्यांबद्दल परिपत्रक काढलं. तेव्हापासून ‘आता दहा वर्षांची मुलंही स्वतः खातं चालवणार’ ही बातमी फिरतेय. खरं तर ही परवानगी २०१४ पासूनच आहे. मग इतकी चर्चा आत्ताच का? माझ्या मते, कारण मोबाइल. २०१४ मध्ये यूपीआय नव्हतं, ते २०१६ मध्ये आलं.

आधी नियम बघू. १० वर्षं पूर्ण झालेलं मूल बचत किंवा मुदत ठेव खातं स्वतः उघडू आणि चालवू शकतं. रकमेची मर्यादा बँक ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं की नाही, हेही बँकेच्याच हातात. पण खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे काढता येणार नाहीत, हे पक्कं.

म्हणजे या खात्यामुळे मूल कर्जात बुडणार नाही. मला भीती वेगळीच वाटते. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, हजार रुपये तुझे’ असं सांगून सायबर चोर कॉलेजच्या पोरांची खाती वापरतात. अशा खात्याला ‘म्यूल’ म्हणतात. तक्रार झाली की खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराचं दार वाजवतात. चोर मात्र नामानिराळा.

म्हणून बचतीचे धडे द्याच, पण त्याआधी या तीन गोष्टी शिकवा:

१. पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार.
२. खातं, कार्ड, सिम कुणालाही वापरायला द्यायचं नाही. जिगरी दोस्तालासुद्धा नाही.
३. महिन्यातून एकदा पासबुक किंवा स्टेटमेंट ओळीओळीने वाचायचं. अनोळखी रक्कम जमा झाली तरी घरी सांगायचं.

सरावासाठी ‘यूपीआय सर्कल’ बघा. त्यातल्या आंशिक परवानगीच्या पर्यायात मूल पेमेंट सुरू करतं, पण तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. सायकल शिकताना मागून धरतो ना, तसंच.

आणि फसवणूक झालीच, तर रागावणं नंतर. आधी १९३० ला फोन. ओरडा बसेल म्हणून मूल दोन दिवस गप्प राहिलं, तर तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे जातात. घरात हे आजच बोलून ठेवा.