मुंबई : दोन दिवस, कामाशिवाय

आपल्या खानदेशात मुंबईला कोणी जात नाही. मुंबईला जावे लागते. कोणाची फाईल मंत्रालयात अडकलेली असते, कोणाला भरतीसाठी बोलावणे आलेले असते, कोणाच्या घरच्या माणसाला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायचे असते, तर कोणाचा भाचा दुबईला निघालेला असतो आणि त्याला विमानतळावर पोहोचवायचे असते. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर रांगेत उभे राहायचे, वडापाव खायचा आणि रात्रीच्याच गाडीने परत यायचे. अशा माणसाला घरी आल्यावर "मुंबई कशी आहे?" असे विचारले, तर तो "गर्दी फार" एवढेच सांगतो. बिचाऱ्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते.

माझे म्हणणे असे की, आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी, पदवी हाती पडण्यापूर्वी एकदा तरी, शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत यावे आणि मधले दोन दिवस मुंबईत कोणतेही काम न काढता घालवावेत. 'कोणतेही काम न काढता' हे शब्द मी जाणूनबुजून लिहीत आहे. कारण ही गोष्ट मी घरी काढली, तेव्हा आजीने जात्यावर बसल्यासारखा शांत प्रश्न केला, "तठे काय शे?" प्रश्न साधा आहे, पण त्याला नीट उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तिथे काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे तिथे आपला कापूस आहे. मध्ययुगात खानदेशचा व्यापार बुऱ्हाणपुराहून तापीच्या काठाकाठाने सुरतेला जात असे. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे माल नेणे हे स्वाभाविकच होते. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, १८६० नंतरच्या काही वर्षांत ती थळघाट चढून आपल्या भागात आली, आणि खानदेशचे तोंड सुरतेकडून मुंबईकडे वळले. नेमक्या त्याच वेळी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. त्यांतले एक प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो १८७८ मध्ये पूर्ण झाला, आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले गेले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेकांचे दिवाळे निघाले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाचे नाव आपण उठता बसता घेतो. तेच नाव मुंबईत काळबादेवीकडच्या कापडबाजारावर आहे. हे सारे माहीत असलेला खानदेशी विद्यार्थी फोर्टमधून चालतो, तेव्हा तो पाहुणा म्हणून चालत नाही. निदान त्याने तसे चालू नये.

दुसरी गोष्ट, तिथे हुतात्मा चौक आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा १ मे १९६० रोजी हे शहर आपली राजधानी झाले. राजधानी म्हणजे केवळ सचिवांची कार्यालये असतील तर त्या माणसांनी एवढे मोल द्यायला नको होते. राज्याच्या एका टोकाला, तोरणमाळच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाचाही तिच्यावर हक्क आहे, आणि हक्क नुसता कागदावर ठेवला की तो गंजतो. आपण मात्र तिथे अर्जदार म्हणून जातो, हातात पिशवी आणि पिशवीत झेरॉक्स.

येथे काही मित्र आक्षेप घेतील की, आधी पाटणादेवी बघ, पद्मालय बघ, अजिंठा बघ, मग मुंबईच्या गप्पा मार. आक्षेप योग्य आहे. परंतु तो घेणाऱ्यांपैकी किती जणांनी अजिंठा दोनदा पाहिला आहे? जवळचे न पाहणारा लांबचेही पाहत नाही. उलट, मला वाटते, लांबचे नीट पाहून आलेल्या माणसालाच जवळच्याची किंमत कळते. चाळीसगावचे केकी मूस हे तर मुंबईत जन्मलेले, विलायतेत शिकलेले; पण येऊन राहिले चाळीसगावला, स्टेशनाजवळच्या त्या बंगल्यात, आणि तिथेच आयुष्यभर छायाचित्रे काढत बसले. त्यांनी दोन्ही ठिकाणे पाहून एक निवडले. आपण एकच पाहिलेले असते, म्हणून आपली निवड ही निवड नसतेच.

आता बेताकडे वळू. मुंबईची 'सहल' आपण सर्वांनी केली आहे. मीही शाळेत असताना केली. पन्नास मुले, एक बस, एक दिवस. राणीची बाग, तारांगण, म्हातारीचा बूट, गेट वे, चौपाटी, आणि प्रत्येक ठिकाणी सरांची शिट्टी. बसमधून उतरणे आणि बसमध्ये चढणे याखेरीज त्या दिवसाचे मला काही आठवत नाही. समुद्रापाशी आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली होती. ज्या मुलांनी पांझरेचे आणि गिरणेचे उन्हाळ्यात कोरडे पडलेले पात्र पाहिले आहे, त्यांना आयुष्यात प्रथमच समुद्र दाखवायचा आणि पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवायची, याला काय म्हणावे?

म्हणून बेताचा पहिला नियम असा की, ठिकाणे गाळायची. जो बेत करतो तो नेहमी जोडत जातो. खरा बेत गाळण्यात आहे.

जळगावकरांना रात्रीच्या गाड्या अनेक आहेत, अमरावतीकडून आणि नागपूरकडून येणाऱ्या. धुळ्याची मंडळी पूर्वी चाळीसगावला येऊन गाडी पकडत किंवा आग्रा रोडने एस.टी.ने जात, २०२३ पासून धुळ्याहून मुंबईला थेट गाडीही आहे, तेव्हा वेळापत्रक पाहून ठरवावे. शयनयानाचे तिकीट तीनशेच्या आसपास पडते. ते महिनाभर आधी काढावे, कारण शुक्रवारी रात्री सारा विदर्भ आणि खानदेश एकाच दिशेने निघालेला असतो. महाविद्यालयाने शैक्षणिक सहलीचे प्रमाणपत्र दिले तर रेल्वे सवलतही देते.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून प्रतीक्षागृहात तोंड धुवावे आणि प्रथम रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन ज्या इमारतीतून आपण बाहेर पडलो तिच्याकडेच पाहावे. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला १८७८ पासून दहा वर्षे लागली. तिच्या भिंतींवर दगडात कोरलेले प्राणी, पक्षी आणि पाने आहेत, त्यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. रोज लाखो माणसे तिच्या पोटातून जातात आणि मान वर करीत नाहीत. आपण करावी, आपल्याला लोकल पकडायची नाही.

तिथून पायी हुतात्मा चौक, तिथून हॉर्निमन सर्कलला टाऊन हॉल. १८३३ साली पुऱ्या झालेल्या ह्या वास्तूत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. बाहेरच्या रुंद पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत. दहा वाजल्यानंतर काळा घोडा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय रविवारीही उघडे असते, आणि ओळखपत्र दाखवले की विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते. तिथे एका दिवसात सगळे पाहायचे नाही. एक दालन निवडावे. मी लघुचित्रांचे निवडीन, इतिहासवाल्यांनी शिल्पांचे निवडावे. शेजारीच जहांगीर कलादालन आहे, १९५२ सालचे, प्रवेश मोफत. चित्र समजत नाही म्हणून बाहेर उभे राहू नये. आत गेलेल्या निम्म्या लोकांनाही ते समजत नसते आणि त्यांचे काही बिघडत नाही.

जेवणाचे म्हणाल तर फोर्टात कारकून आणि शिपाई जिथे जेवतात तिथे जेवावे. चटणी मात्र आपल्यासारखी मिळणार नाही. ठेचा डबीत नेला तर उत्तम.

संध्याकाळ संपूर्ण मरीन ड्राइव्हला द्यावी. पाच ते नऊ. चार तास नुसते बसायचे, हे ऐकून आमच्या वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "चार तास बसून करायचं काय?" काही नाही. भरती येते, उजेड जातो, दिवे लागतात, आणि शेजारी बसलेल्या माणसांना तुम्ही कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे आणि कोणाचे कोण, हे ठाऊक नसते, विचारायचीही त्यांना गरज वाटत नाही. आपल्या गावात पारावरून पुढे गेलो की तीन जण विचारतात, "कुठे निघाली?" या विचारण्यात माया असते हे मी नाकारत नाही. पण वीस वर्षांत चार तास तरी कोणी न विचारता जावेत, एवढी इच्छा गैर आहे का?

रविवारी गेट वेपासून घारापुरीची लाँच घ्यावी, शक्य तो पहिली, कारण नंतर गर्दी होते. तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात हे ध्यानात ठेवावे. लेण्यांतली त्रिमुखी शिवमूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे आणि तिच्यापुढे माणूस आपोआप हळू बोलू लागतो. तरीही लेण्यांच्या बाबतीत आपण अजिंठ्याचे शेजारी, आपल्याला कोणी शिकवू नये! मी लाँचसाठी जा म्हणते. लाँच पाण्यात पुढे गेली की मागे शहर लहान होत जाते. ज्या दारातून १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण जहाजावर चढली, ते दार काडेपेटीएवढे दिसू लागते. आपल्याला मुंबई नेहमी जमिनीकडून, कल्याण ठाण्याच्या बाजूने भेटते, म्हणजे तिच्या परसदारातून. ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे हे पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना लाँच नको त्यांनी दादरला शिवाजी मंदिरात दुपारचे नाटक पाहावे. दोन्ही साधण्याचा हट्ट धरू नये. शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी त्याची चौकशी केली नाही तर अख्खी दुपार फलाटावर जाते.

मुक्कामाचा प्रश्न खरा अवघड. आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरला आहे. पण मामांकडे उतरले की मामी सोडत नाहीत, शनिवारची रात्र पुरणपोळीत जाते आणि रविवारी त्यांच्या मुलाच्या दहावीबद्दल मार्गदर्शन करावे लागते. आमदार निवासात ओळखीने झोपण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती मला पसंत नाही, कारण तिथे गेलो की आपण पुन्हा अर्जदार झालो. चार जणांनी मिळून एखादी स्वच्छ धर्मशाळा किंवा लॉज आधीच ठरवावे.

आणि येथे मला मुलींविषयी लिहिणे भाग आहे. माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. वर लिहिलेला बेत वाचून मुले पुढच्या शुक्रवारी निघतील. आम्ही निघणार नाही. परीक्षेला, मुलाखतीला आमचे वडील पगार बुडवून सोबत येतात, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु "समुद्र पाहायचा आहे" हे कारण आमच्या घरांत कारणच मानले जात नाही. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाहशील, असे सांगतात. म्हणजे समुद्रसुद्धा लग्नाच्या यादीत! मी वडिलांना दोष देत नाही. त्यांना भीती वाटते, आणि ती भीती कोणीतरी जबाबदार माणूस सोबत असल्याशिवाय जाणार नाही.

तेव्हा आमच्या प्राध्यापकांना, विशेषतः प्राध्यापिकांना, एक विनंती. दर वर्षी पन्नास जणांची एक बस काढण्याऐवजी दहा दहा विद्यार्थ्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर एक प्राध्यापक रात्रीच्या गाडीने जावेत. खर्च बसपेक्षा फार वाढणार नाही. शनिवारच्या तासिका बुडतील हे खरे, पण त्या नंतर भरून काढता येतात. परत आल्यावर प्रत्येकाने एकाच गोष्टीविषयी दोन पाने लिहावीत. एका पायरीविषयी, एका मूर्तीविषयी, एका कोळिणीविषयी चालेल. ती पाने याच वार्षिकात छापावीत. प्राध्यापिका सोबत आहेत म्हटल्यावर माझे वडील परवानगी देतील, हे मी त्यांना विचारूनच लिहीत आहे. आजीचा होकार अजून यायचा आहे. समुद्राचे पाणी खारट असते तर लोक त्याच्या काठी राहतात कशाला, एवढी तिची शंका तेवढी शिल्लक आहे.

दिवाळीनंतरचा पहिला जोडून आलेला शनिवार-रविवार मी सुचवते. पाऊस संपलेला असतो, उकाडा कमी झालेला असतो, लाँच नियमित असतात. परतीची गाडी रविवारी संध्याकाळी सुटते, मध्यरात्रीनंतर चाळीसगाव, पुढे तासाभरात जळगाव. सोमवारच्या पहिल्या तासिकेला हजर राहता येते. नावे कोणाकडे द्यायची, हे विभागाने सूचनाफलकावर लावावे.