दिवाळी अंकातील यंत्रमानव

मराठी घरातील दिवाळी जशी फराळाच्या ताटावरून ओळखावी तशीच ती दिवाळी अंकावरूनही ओळखावी, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यासमोर होता. ते कलम आमच्या मातीत असे रुजले की, त्याचे मूळ परदेशी होते ह्याची आज कोणास आठवणही होत नाही. मोठ्यांच्या पाठोपाठ मुलांनीही आपला वाटा मागून घेतला. वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या 'आनंद'पासून बालभारतीने १९७१ मध्ये काढलेल्या 'किशोर'पर्यंत मुलांच्या मासिकांची जी परंपरा आहे, तिच्यात दिवाळीचा अंक हा वर्षाचा मानाचा अंक होऊन बसला.

ह्या मानाच्या पंक्तीत यंत्रमानव येऊन बसला की मात्र पुष्कळ सुशिक्षित घरांत कपाळास आठ्या पडतात. पोलादी छातीचा, डोळ्यांतून किरण सोडणारा तो चित्रकथेतील वीर, त्याच्या खांद्यावर बसलेला एक चुणचुणीत मुलगा, आणि पायाशी उगाच काढलेल्या चार पणत्या, असे मुखपृष्ठ दिसले की आईबाप म्हणतात, 'हे कसले वाचन? दिवाळीच्या दिवसांत तरी मुलांनी काही चांगले वाचावे!' ही तक्रार करणारी माणसे आमचीच आहेत, आणि मुलांच्या कळकळीने बोलणारी आहेत. म्हणूनच त्यांच्याशी भांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, यंत्रमानवास मुलांच्या दिवाळी अंकातून हाकलून देणे हे चुकीचे आहे. आणि तो ज्या रूपात तेथे बहुधा येतो, त्या रूपात त्यास मुकाट्याने बसू देणे हे त्याहूनही चुकीचे आहे.

प्रथम आक्षेपकांचा समाचार घेऊ. चित्रकथा वाचनाचा नाश करते, चित्र आले की शब्द आळसावतो, असे ते म्हणतात. त्यांनी पैठणची चित्रे आणि पिंगुळीच्या ठाकरांचे चित्रकथीचे पट आठवावेत. एकेक चित्र समोर धरावयाचे आणि रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगावयाचा, ही आमची जुनी रीत आहे. त्या श्रोत्यांची कल्पनाशक्ती चित्राने मेली नाही. तिला पाय ठेवावयास जागा मिळाली. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली, पुढे तिच्या मराठी आवृत्तीतून वेताळ आणि जादूगार मँड्रेक घरोघर पोचले, आणि १९९० साली ती मालिका बंद पडली. ती बंद पडल्यामुळे मुले ज्ञानेश्वरीकडे वळली, असे काही आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप असा की, यंत्रमानव हे विलायती भूत आहे. अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' ह्या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात दारावर पहारा देणाऱ्या व सेवा करणाऱ्या यंत्रपुतळ्यांची वर्णने आहेत. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त मयासुराची कन्या सोमप्रभा आपली मैत्रीण कलिंगसेना हिला रिझविण्यासाठी कळीच्या बाहुल्यांची पेटी घेऊन येते. कळ लावताच एक बाहुली आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ आणते, दुसरी पाणी आणते, तिसरी नाचते. त्याच ग्रंथात एक सबंध नगर लाकडी यंत्रमाणसांनी गजबजलेले आहे. तेव्हा ज्यास आपण परका म्हणून दारात अडवीत आहो, तो आपल्या आजीच्या गोष्टींतलाच एक दूरचा नातेवाईक निघतो.

तिसरा आक्षेप संस्काराचा. साहसकथेने मूल उनाड होते, असे पूर्वीपासून म्हणत आले आहेत. त्यास भास्कर रामचंद्र भागवतांनी दिलेल्या उत्तरापेक्षा चांगले उत्तर आम्हांस सुचत नाही. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत साहसकथा मराठीत आणल्या, आणि त्याच लेखणीने फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे मुलांचा लाडका फास्टर फेणे, उभा केला. हा मुलगा हडकुळा आहे, सायकलीवर बसतो, संकटात उडी घेतो आणि 'ट्टॉक' करतो. परंतु त्याचे खरे बळ असे की, त्यास गाव आहे, शाळा आहे, पत्ता आहे. भागवतांनी साहसाचे बी परमुलखातून आणले असेल. पीक मात्र फुरसुंगीच्या आणि पुण्याच्या जमिनीत काढले. त्या पुस्तकांनी किती मुले उनाड झाली, हे आक्षेपकांनी आपल्याच घरातील चाळिशी-पन्नाशीच्या माणसांकडे पाहून ठरवावे.

येथवर आम्ही यंत्रमानवाचे वकील होतो. आता त्यास आणणाऱ्या लेखक-प्रकाशकांस दोन शब्द सुनावणे भाग आहे.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक ह्या चेक नाटककाराने १९२० साली 'आर. यू. आर.' ह्या नाटकातून जगास दिला, आणि त्यास तो सुचविला त्याच्या चित्रकार बंधूने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळास करावी लागणारी सक्तीची राबणूक. मराठीत ह्यास नेमका शब्द आहे: वेठ. आम्ही 'यंत्रमानव' असा भारदस्त शब्द बनविला. तो वाईट नाही; पण त्यात यंत्र आले, मानव आला, आणि वेठ तेवढी गळून पडली. चापेकच्या नाटकातील ते कृत्रिम मजूर शेवटी मालकांवर उलटतात. जपानात ओसामू तेझुका ह्यांनी १९५२ पासून मुलांच्या मासिकात 'अॅटम' नावाच्या यंत्रबालकाची चित्रकथा चालविली. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी एका शास्त्रज्ञाने हा बालक घडविला. तो वाढत नाही असे दिसताच त्याच बापाने त्यास सर्कशीत विकून टाकले. मुलांसाठी काढलेली चित्रकथा ही! तिच्यात मारामाऱ्याही भरपूर आहेत. पण मारामारी पाहता पाहता मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो की, जो दुसऱ्यासाठी घडविला गेला आणि दुसऱ्यासाठी राबतो, त्याचे स्वतःचे असे काय?

ह्याउलट आमच्याकडील दिवाळी अंकांत जी नक्कल चालते, तीत हा प्रश्न औषधालाही सापडत नाही. काचेच्या मनोऱ्यांचे कोठलेसे निनावी शहर असते. जग जिंकू पाहणारा एक दुष्ट असतो. पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक असतात. आणि यंत्रमानव त्यांच्या आज्ञेवरून भिंती फोडीत सुटतो. त्यास भूक नाही, भय नाही, इच्छा नाही. मालक सांगेल ते करणे हाच त्याचा सद्गुण. शेवटच्या पानावर तो आकाशात फटाके उडवितो, एवढ्यावरून हा अंक दिवाळीचा! निमूट आज्ञापालन हे ज्या घरांत मुलांस गुण म्हणून शिकविले जाते, तेथे ह्या वीराचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. पण मुलास ह्यातून काय मिळते? दुसऱ्याच्या हुकमाने चालणारी शक्ती हीच थोर, एवढाच धडा मिळतो.

ह्या अंकांची कसोटी मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात न घेता जालना जिल्ह्यात घ्यावी, असे आमचे आवाहन आहे. 'जालना, सोने का पालना' अशी ज्या गावाची जुनी ख्याती, तेथे आज औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार लोखंड वितळते आणि त्याच्या सळया होऊन घरे बांधावयास दूरदूर जातात. लोखंडाचे रूप पालटताना पाहावयाचे असेल तर मराठी मुलास ह्याहून जवळचे ठिकाण क्वचितच मिळेल. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. वेठबिगार हा शब्द येथील म्हाताऱ्यांस पुस्तकातून शिकावा लागला नाही. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, कारखाने आले, बियाण्यांच्या कंपन्या आल्या. तथापि दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्याच जिल्ह्यातील कितीतरी खेड्यांतून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे आजही पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या वाटेस लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडावयाची असते. आणि त्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीस नाव काय? 'एक कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. खंडेनवमीस आम्ही हत्यारांची पूजा करतो, तेव्हा कोयत्यास हळदकुंकू मिळते. कोयता म्हणून मोजल्या जाणाऱ्या माणसास ते मिळत नाही.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. हत्यारास माणसाचे रूप दिले की त्यास आपण यंत्रमानव म्हणतो आणि मुलांस त्याची चित्रे दाखवितो. माणसास हत्याराचे नाव दिले की त्यास आपण हंगाम म्हणतो आणि त्याची चित्रे कोणास दाखवीत नाही. शहरात दिवाळी अंकांचे गठ्ठे दुकानी लागतात त्याच दिवसांत ही बिऱ्हाडे शाळेत जाणारी पोरे घेऊन निघालेली असतात. कोठे साखरशाळा मिळाली तर मिळाली. नाहीतर ती पोरे उसाच्या फडात वाढे गोळा करतात व धाकटी भावंडे सांभाळतात. त्याच फडात आता ऊसतोडणीचे यंत्र शिरू लागले आहे. ते कित्येक कोयत्यांचे काम एकटे उरकते. त्यास पाहून बांधावरच्या मुलाच्या मनात जो प्रश्न येत असेल, तो आमच्या कोणत्या चित्रकथेत आहे? हे यंत्र आपल्या आईची वाकलेली पाठ सरळ करावयास आले आहे, की तिच्या तोंडचा घास काढून घ्यावयास? यंत्रमानवाच्या कथेचे सारे मर्म ह्या एका प्रश्नात आहे.

कोणी म्हणेल, 'म्हणजे तुम्ही मुलांच्या साहसकथेचे अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक करणार!' तसे केल्यास मुले तो अंक फेकून देतील, आणि त्यांनी तो फेकावाच. साहस कायम राहिले पाहिजे. मारामारीही राहू द्या. एवढेच करा की, त्या वीरास गाव द्या. जालन्याच्या भंगारातून एक लोखंडी पोरगा उठून बसला. मालक शोधीत आला म्हणून भट्टीवरच्या मुलाने त्यास उसाच्या टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये लपविले. मुकादमाने त्याची वहीत 'अर्धा कोयता' म्हणून नोंद केली. आणि रात्री सारे फड निजले असता त्या लोखंडी पोराने पहिल्यांदाच विचारले की, मला उचल कोणी दिली? ह्यात पाठलाग आहे, लपंडाव आहे, हसू आहे, भय आहे. ह्याहून रंगतदार कथानक आमच्या कथाकारांस सुचणार नाही, असे म्हणण्याइतके आम्ही त्यांच्याविषयी निराश नाही.

खरी अडचण प्रतिभेची नसून प्रतिष्ठेची आहे. मुलांसाठी, आणि त्यातही चित्रकथेसाठी, लिहिणे आमच्या मान्यवर साहित्यिकांस कमीपणाचे वाटते. १९७४ साली जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस टोपणनावाने कथा पाठविली. पुढे विज्ञानकथा लिहीत राहिले. आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले. ज्यांनी विश्वाच्या उत्पत्तीचा विचार केला त्यांस कथा लिहिण्यात लाज वाटली नाही. मग ज्यांचा धंदाच कथा लिहिण्याचा आहे त्यांनी मुलांचा हा प्रांत नकलाकारांच्या हाती का सोडावा? दिवाळी अंकासाठी मोठ्यांची कथा मागताना संपादक लेखकाच्या दारी सहा महिने आधी जातात. मुलांच्या चित्रकथेचा विचार मात्र बहुधा जाहिरातींची पाने भरून झाल्यावर होतो.

पालकांस आमची विनंती अशी आहे. यंत्रमानवाचा अंक मुलाच्या हातून हिसकावून घेऊ नका. तो त्याच्या शेजारी बसून वाचा. ही गोष्ट कोणत्या गावी घडते, हिच्यात राबते कोण, आणि त्या राबण्याचे फळ कोणाच्या पदरी पडते, एवढे मुलास विचारा. ज्या अंकात ह्यांची उत्तरे नसतील तो पुढच्या वर्षी घेऊ नका, आणि का घेत नाही हे संपादकास पत्राने कळवा. आजच्या मुलांचे आयुष्य बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, हिशेब करणाऱ्या यंत्रांच्या सोबतीने जावयाचे आहे. ती यंत्रे कोणाची, आणि ती आली म्हणजे सुटका कोणाची व उपासमार कोणाची, हे विचारण्याची सवय त्यांस लहानपणी लागली नाही, तर मोठेपणी ती मुद्दाम लावण्यात कोणाचाही स्वार्थ असणार नाही. मुलांच्या दिवाळी अंकास ही सवय लावता येते, आणि तीही हसतखेळत. संपादकांनी ते काम ह्याच वर्षी हाती घ्यावे.