संत पॅट्रिकचे साप आणि देवगडची फुरशी

गेल्या मार्चमध्ये, संत पॅट्रिकच्या सणाच्या आठवड्यात, आपल्या मंडळाच्या युवक शाखेने आयर्लंडविषयक प्रश्नमंजूषेचा खेळ मांडला, तेव्हा मागच्या रांगेतील आम्हा वडीलधाऱ्यांत जी कुजबुज झाली तिचा मतलब एवढाच होता की, ज्या पोरांना आपल्या मुलखातील चार किल्ल्यांची नावे धड सांगता येत नाहीत, त्यांच्याकडून या परक्या बेटाचे संत आणि नद्या घोकून घेण्यात मंडळाने वेळ का दवडावा. ही तक्रार मला कबूल नाही. ज्या देशात ही मुले जन्मली, ज्याचे पंतप्रधानपद २०१७ साली मालवण तालुक्यातील वराड गावच्या घराण्यातल्या लिओ वराडकरांकडे आले, आणि ज्याच्या मेयो परगण्यात १८८० साली कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नामक कारभाऱ्यावर उगारलेले हत्यार पाव शतकानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून परजले गेले, तो देश त्यांना परका म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. माझी तक्रार खेळाविरुद्ध नसून त्यातील चिठ्ठ्यांविरुद्ध आहे.

एका चिठ्ठीवर प्रश्न होता : आयर्लंडातून साप कोणी घालवले? ‘संत पॅट्रिक’ असे उत्तर आले, एक गुण मिळाला, घंटा वाजली. दर मे महिन्यात आजोळी देवगडास जाणाऱ्या एका मुलीने ‘पण कसे घालवले?’ म्हणून विचारले. तिला वेळ संपल्याचे सांगण्यात आले. वस्तुतः त्या सायंकाळी विचारण्याजोगा प्रश्न तेवढा एकच होता. पॅट्रिक पाचव्या शतकातला. त्याच्या कितीतरी आधी सोलिनस नावाच्या रोमन ग्रंथकाराने या बेटावर साप नसल्याचे नमूद केले होते. हिमयुगात बर्फाखाली गेलेली ही भूमी मोकळी झाली, पण साप सरपटत इथवर पोचण्यापूर्वीच मध्ये समुद्र आला. संताला घालवायला साप शिल्लकच नव्हते!

हा मजकूर मी देवगडास, कलमांच्या बागेतील मांगराच्या पडवीत बसून लिहीत आहे. समोर जांभ्या दगडाचा गडगा आहे, आणि त्यातला ढासळलेला धोंडा हाती धरण्यापूर्वी आमचा गडी तो काठीने उलटवून पाहतो, कारण त्याखाली हातभर लांबीचे, वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारे फुरसे असण्याचा संभव त्याला ठाऊक असतो. देवगड रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे त्या काळी सरकारने फुरशांवर इनाम लावले, तेव्हा २ ते १० डिसेंबर १८६२ एवढ्या अवधीत १,१५,९२१ फुरशी मारली गेल्याचा दाखला जिल्ह्याच्या गॅझेटियरात आहे. ज्या मुलखात समुद्र आडवा आला नाही तेथे सरकारच्या खजिन्यालाही पॅट्रिक होता आले नाही. गड्याच्या हातची काठी अद्याप सुटलेली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘तेथे साप का नाहीत आणि येथे का आहेत?’ असे विचारले असते, तर भूगोल, इतिहास आणि आजोळ ही तिन्ही एका चिठ्ठीत मावली असती. अर्थात त्यासाठी ती घंटा आधी अडगळीत टाकावी लागेल.

आपल्या बाजूच्या दंतकथांना मात्र यातून माफी असू नये. पुढील खेळासाठी मी स्वतः लिहिलेली पहिली चिठ्ठी होती : देवगड तालुक्यातील कोणत्या किल्ल्यावरून इंग्रज ज्योतिर्विद लॉकियरने हेलियमचा शोध लावला? उत्तर अर्थातच विजयदुर्ग. तेथील ‘साहेबाचे ओटे’ लहानपणी आम्हांला त्याच अभिमानाने दाखवीत. खातरजमा करू गेलो तेव्हा आढळले की, सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची रेषा लॉकियरला दिसली १८६८च्या ऑक्टोबरात, इंग्लंडात. विजयदुर्गास साहेब आला तो १८९८च्या जानेवारीतील ग्रहण पाहण्याकरिता. चिठ्ठी मी फाडली नाही. ‘साहेब विजयदुर्गास केव्हा आला, आणि लोक निराळे का सांगतात?’ असा प्रश्न तिच्या पाठीमागे लिहून त्याला चार गुण ठेवले आहेत.