स्पंजात औषध ‘सापडले’ नव्हते

‘१९५० च्या सुमारास फ्लोरिडाच्या समुद्रातील स्पंजात कर्करोगावरचे औषध सापडले.’ विज्ञानेतिहासावरील कितीतरी थ्रेड या वाक्यावर टाळ्या घेऊन संपतात. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

येल विद्यापीठातील वर्नर बर्गमन कर्करोगाच्या मागे नव्हतेच. समुद्री प्राण्यांतील स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातील द्रव्ये, हा त्यांचा विषय. १९५० मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट फीनी यांनी एका स्पंजातील अपरिचित न्यूक्लिओसाइडची नोंद प्रसिद्ध केली. रचना आपल्या डीएनएच्या घटकांसारखीच, केवळ शर्करा निराळी: अरॅबिनोज. अशा शर्करेचा घटक पेशी आपलाच समजून स्वीकारू शकते आणि मग डीएनएची साखळी विणताना अडखळते. झपाट्याने विभागणाऱ्या कर्कपेशींना हा घाव विशेष बसतो.

परंतु औषध झाले ते स्पंजातील रेणूचे नव्हे. सायटाराबिन हा त्याच धाटणीचा रेणू १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे वॉलविक, रॉबर्ट्स आणि डेकर यांनी प्रयोगशाळेत घडवला. अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली १९६९ मध्ये. रक्ताच्या कर्करोगावर तो आजही दिला जातो. मधल्या काळात ज्यांनी मात्रा ठरवल्या ते डॉक्टर आणि ज्यांनी खात्री नसलेले औषध अंगात घेतले ते रुग्ण, हे सारे ‘सापडले’ या एका क्रियापदाने पुसले जातात. (आम्हां इतिहासवाल्यांना एक सन, एक नायक पुरतो, हे जुनेच दुखणे.)

जपानचे उदाहरण तर अधिक बोलके. १९८६ मध्ये हिराता आणि उएमुरा यांनी ६०० किलो स्पंज वापरला. हाती आले १२.५ मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी. या हिशेबाने औषध पुरवायचे तर समुद्रात स्पंज उरलाच नसता! १९९२ मध्ये हार्वर्डच्या योशितो किशी यांच्या गटाने तो अवाढव्य रेणू कृत्रिमरीत्या घडवला. त्याचा एक भागच पुरेसा ठरतो असे आढळले आणि त्यातून निघालेल्या एरिब्युलिनला २०१० मध्ये प्रगत स्तनकर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

‘समुद्रात सापडला कर्करोगावर इलाज’ असे मथळे आजही छापून येतात आणि ज्याच्या घरी रुग्ण आहे तो ते जिवाच्या आकांताने वाचतो. पाण्यातून निघालेला रेणू आणि रुग्णालयातील सलाईन यांच्यातील अंतर त्याला कोण सांगणार? तेव्हा थ्रेड जरूर लिहा. पण १९५० लिहिताना १९५९ आणि १९६९ गाळू नका.